हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर

जुहूची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. दुपारी खारे वारे सुटले की विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं, कारण उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं. चाकं जमीन सोडतात आणि थोड्याच सेकंदांत खाली चौपाटी येते, समोर अरबी समुद्र. उलट दिशेने उडालं तर समोर विलेपार्ले आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ. १९२८ साली हे मैदान सुरू झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले, तेही एका इंजिनाच्या पस मॉथमधून. इंजिन कधीही दगा देईल हे धरूनच तेव्हाची माणसं उडत. वाटेत उतरण्याजोग्या जागा हेरत जाणं हा त्यांच्या उड्डाणाचाच भाग होता. मुंबईवरून उडणाऱ्याला आज त्या सवयीची जास्त गरज आहे, कारण तशा जागाच फारशा उरलेल्या नाहीत.

आता जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात. छोट्या विमानांचं शिक्षण धुळे, बारामती, गोंदियाकडे चालतं. तिकडे शिकायला निघालेल्या मुंबई-ठाण्याच्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: एकच इंजिन, ते वर गेल्यावर बंद पडलं तर? ‘काही होत नाही गं आई’ एवढ्यावर तो विषय मिटवू नये असं मला मनापासून वाटतं. प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, आणि त्या आकड्यांतूनच खरा धीर मिळतो.

शिकण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं सेस्ना १७२ घेऊ. इंजिन बंद पडलं म्हणून ते खाली कोसळत नाही, तरंगत उतरत जातं. त्याच्या १७२ एस या प्रकाराचा वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी ६८ सागरी मैल, धरून ठेवला, तर दर हजार फूट उंचीमागे ते साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. हवा शांत असेल तर हजार फुटांवरून पश्चिम रेल्वेच्या दादर स्टेशनपासून माहीमपर्यंत. तीन हजार फुटांवरून दादर ते सांताक्रूझ. उंची मिनिटाला सुमारे साडेसातशे फुटांनी कमी होते, म्हणजे हजार फुटांवरून हातात एक मिनिट वीस सेकंद उरतात. एवढ्या वेळात पुष्कळ काही करता येतं. मात्र पहिले चार-पाच सेकंद ‘हे खरंच झालं का?’ यात गेले नाहीत तरच.

आणि ते जातात. उड्डाणानंतर चढाई चालू असते, विमानाचं नाक वर असतं. इंजिनाचा जोर गेला की वेग झपाट्याने उतरतो. नाक तसंच राहिलं तर हवेला भिडणारा पंखाचा कोन मर्यादेबाहेर जातो, पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असलेल्या विमानालाही स्टॉल होतो, इंजिन बंद असलेलं विमानही स्टॉल न होता सुखरूप उतरतं. म्हणून पहिलं काम नाक खाली करण्याचं. जमीन जवळ दिसत असताना जमिनीकडेच नाक वळवायचं हे शरीराला पटत नाही, हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो. या एका क्षणासाठी प्रशिक्षक पुन्हा पुन्हा थ्रॉटल ओढून, म्हणजे इंजिनाचा जोर काढून घेऊन, सराव करून घेतात. नाक खाली, वेग ६८, मग ट्रिमचं चाक फिरवून तोच वेग बसवायचा, म्हणजे हात आणि डोकं पुढच्या कामाला मोकळं होतं.

दुसरा घातक मोह म्हणजे मागे वळून धावपट्टीवर परतण्याचा. धावपट्टी पाठीमागे, ओळखीची, सपाट, शिवाय तिथे अग्निशमनाची गाडी उभी. परतावंसं वाटणारच. पण हिशोब करून बघा. नुसतं १८० अंश वळून भागत नाही. वळणाने विमान बाजूला गेलेलं असतं, म्हणून दोनशेच्या वर अंश वळायचं आणि मग उलट्या बाजूला थोडं वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं. सावकाश, सेकंदाला तीन अंशांनी वळलात तर अर्ध्या वळणालाच एक मिनिट लागतं आणि साडेसातशे फूट जातात. तीव्र वळण घेतलंत तर उंची कमी जाते, पण स्टॉलचा वेग वाढतो. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, न उतरवता सरळ उडताना १७२ एस ४८ नॉटला स्टॉल होतं. उंची टिकवत ४५ अंश कलवलं तर तोच आकडा ५७ होतो, ६० अंशांना ६८. म्हणजे ज्या वेगाने तरंगायचं, त्याच वेगाला स्टॉल. जमिनीपासून तीनशे फुटांवर एक पंख आधी स्टॉल झाला तर विमान गिरकी घेतं, आणि सावरायला उंचीच नसते.

त्यात जुहूचा वारा मिळवा. समजा पंधरा नॉटचा पश्चिम वारा आहे आणि टेकताना हवेतला वेग ६०. सरळ समोर उतरलात तर जमिनीच्या हिशोबाने ४५ नॉट. वळून परत आलात तर वारा पाठीमागून, म्हणून ७५. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा ती जवळजवळ पावणेतीन पट. धावपट्टी सपाट असली तरी त्या वेगात ती अपुरी पडू शकते. म्हणून नेम असा की ठरवलेल्या उंचीखाली वळायचं नाही. समोर, फार तर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत, जे बरं दिसेल तिथे. ती उंची किती, हे विमान, वजन आणि वाऱ्यावर ठरतं. आपला आकडा काढण्याची रीत सोपी आहे. प्रशिक्षकाला बरोबर घेऊन तीन हजार फुटांवर चढाईच्या वेगात थ्रॉटल ओढायचं, चार सेकंद काहीच करायचं नाही, मग वळून पुरतं फिरायचं आणि किती फूट गेले ते बघायचं. त्यात निम्म्याने भर घालायची. जो आकडा येईल तो दरवेळी धावपट्टीवर उभं असतानाच मोठ्याने म्हणायचा: ‘एवढ्या उंचीपर्यंत सरळ समोर, त्यानंतरच वळण.’ शेजारी कुणी नसलं तरी म्हणायचा. वर गेल्यावर हा विचार करायला वेळ नसतो, तो आधीच करून ठेवायचा असतो.

समोर काय आहे, हे मुंबईत अवघड प्रकरण आहे. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक किंग एअर सी ९० घाटकोपरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळलं. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एक माणूसही. ते दोन इंजिनांचं विमान होतं, त्या अपघाताची कथा वेगळी आहे. पण या शहरात खाली कायम कुणीतरी असतं, हे त्यातून विसरता येत नाही. जुहूची चौपाटी भरती उतरल्यावर रुंद आणि ओल्या वाळूमुळे टणक असते, कागदावर उत्तम जागा. संध्याकाळी तिथे मुलं खेळत असतात. तिथे उतरायचं नाही, किनाऱ्याला समांतर उथळ पाण्यात उतरायचं. खालच्या माणसांचा जीव पणाला लावून स्वतःचा वाचवण्याचा हक्क वैमानिकाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी जागा एकेक पाहू. कांजूर, भांडुप, मुलुंडकडची मिठागरं वरून सपाट दिसतात, पण त्यांत बांध असतात. बांधाला समांतर उतरायचं, आडवं नाही. तिवरांचं रान विमानाला बऱ्यापैकी झेलतं, मात्र ओहोटीच्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो, म्हणून बाहेर पडल्यावर आग नसेल तर विमानाला धरूनच राहावं. हमरस्ते लांबून मोहात पाडतात. जवळ गेल्यावर दिव्यांचे खांब, दुभाजक, पादचारी पूल, मेट्रोचे खांब आणि गाड्या दिसतात. शहराबाहेर, देशावर, नांगरलेलं शेत असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरायचं. उभा ऊस टाळायचा, कापणी झालेलं रान घ्यायचं. पाणी भरलेल्या भातखाचरात पुढचं चाक रुतून विमान उलटण्याचा धोका मोठा. आणि विजेच्या तारा! तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं, आणि ओलांडावीच लागली तर खांबाच्या माथ्यावरून ओलांडायची.

आता जरा वर जाऊ. तीन-चार हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर जागा निवडून झाल्यावर ते पुन्हा सुरू करायला वेळ मिळतो. पुढचा पंखा (प्रोपेलर) बहुधा वाऱ्याने फिरतच असतो, त्यामुळे स्टार्टरचीही गरज पडत नाही. इंजिनाला हवी ती गोष्ट मिळाली की ते आपोआप पेटतं. पहिला नियम: शेवटचं जे हलवलंत ते पूर्ववत करा. टाकी बदलल्यावर इंजिन थांबलं असेल तर आधीच्या टाकीवर परत जा. मग टाकी निवडायचा सिलेक्टर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, इंधन तोडणारा शटऑफ आत ढकललेला, इंधनाचा जादा पंप चालू, मिक्श्चर रिच, म्हणजे हवेत पेट्रोलचं प्रमाण जास्त, आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो ‘बोथ’वर. खालच्या पंखाच्या पायपर विमानांत ‘बोथ’ नसतंच, टाक्या डावी-उजवी अशा बदलत जावं लागतं. तिथे पहिला संशय टाकीवर घ्यायचा, एक कोरडी आणि दुसरी भरलेली असते. दोन मॅग्नेटोंपैकी एकाचे दाते निसटून चुकीच्या वेळी ठिणगी पडू लागली तर इंजिन प्रचंड खडखडतं. अशा वेळी डावा आणि उजवा वेगवेगळा लावून बघायचा. एकावर सुरळीत चालत असेल तर त्याच्यावरच राहायचं. तेलाचा दाब शून्याकडे आणि तापमान वर, असं दोन्ही दिसलं तर सुरू करण्याची खटपट सोडायची. त्या इंजिनाची काही मिनिटंच उरलेली असतात, ती जागेकडे जाण्यात घालवायची.

कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, बर्फ हा आपल्याकडे कुणाला खरा वाटत नाही. मुंबईच्या उकाड्यात बर्फ? पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा दाब उतरतो, तिथेच पेट्रोलची वाफ होते, आणि तापमान तीसेक अंशांनीही खाली येऊ शकतं. बाहेर तीस अंश आणि ओल भरपूर असली की आत गोठायला एवढं पुरतं. खाली उतरताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, तेव्हा तर जास्तच. खूण म्हणजे आरपीएम, इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, घसरत जातात. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ, ओढली की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आणखी अडखळतं, थरथरतं. नेमक्या त्या क्षणी घाबरून पुष्कळ जण कार्ब हीट परत आत ढकलतात. ढकलू नका. ते अडखळणं हीच ती काम करत असल्याची खूण आहे, थोड्या वेळात इंजिन सावरतं. १७२ एससारख्या इंजेक्शनच्या इंजिनांना कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे त्यांना हा त्रास नाही.

पण मला विचाराल तर कोकणपट्टीतल्या छोट्या विमानाचा मोठा शत्रू पाणी आहे, आणि त्याचा बंदोबस्त जमिनीवरच होतो. पंखावरच्या इंधनाच्या झाकणाखाली रबराची कडी असते. उन्हाने ती कडक होते, चिरते, आणि उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीत जुलैचा पाऊस झिरपतो. टाकी अर्धवट रिकामी ठेवली तर आतल्या दमट हवेचंही पाणी होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. ते काढण्यासाठी टाक्यांच्या तळाला आणि विमानाच्या पोटाखाली ड्रेन असतात, १७२ एसला तब्बल तेरा. पारदर्शक कपाची सुई खालून दाबायची आणि नमुना उजेडात धरायचा. आपलं विमानाचं पेट्रोल, शंभर एलएल, निळसर असतं. खाली पाण्याचा गोळा वेगळा दिसतो, कप तिरका केला की तो घरंगळतो. खरी फसगत वेगळीच आहे: कपभर नुसतं पाणीच निघालं तर मधली रेषाच नसते, कप स्वच्छ दिसतो आणि माणूस समाधानाने पुढे जातो. म्हणून निळा रंग आहे का बघायचं, वास घ्यायचा, शंका आली तर थोडं जमिनीवर ओतायचं. पेट्रोल उडून जातं, पाणी तिथेच राहतं. पाणी निघालं तर पंख हलवायचे, काही वेळ थांबायचं, पुन्हा काढायचं.

त्याच फेरीत टाकीच्या श्वासनळीतही डोकवावं. डाव्या पंखाखाली, पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या (स्ट्रटच्या) मागे एक छोटी नळी बाहेर आलेली असते. इंधन वापरलं जाईल तशी तिच्यातून टाकीत हवा शिरते. कुंभारीण माशी अशाच भोकात ओल्या मातीचं घर बांधते आणि काही दिवस उभ्या राहिलेल्या विमानाची नळी बुजवते. मग टाकीत हवा शिरत नाही, आत ओढ तयार होते, आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी मरतं. नळीशी जमलेली मातीची चिमूट दिसली तर त्या दिवशी उडायचं नाही, मेकॅनिकला बोलवायचं. इंधनाचा काटा तर केवळ अंदाज देतो. टाकीत काठी घालून मोजा आणि मोजलेलं लिहून ठेवा.

इंजिन सुरू होत नाही असं ठरलं की ते मनातून काढून टाकायचं. रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा पुकारा तीनदा, आपलं नाव, जागा, माणसं किती, काय करणार. आधीच्याच फ्रिक्वेन्सीवर, नाहीतर १२१.५ वर. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर संकटाचा आकडा, ७७००. निवडलेल्या जागेच्या पहिल्या तिसऱ्या भागात टेकण्याचा बेत ठेवा आणि थोडं वरूनच या. जास्तीची उंची फ्लॅपने आणि बाजूला सरकत घालवता येते, कमी पडलेली परत मिळत नाही. वारा कुठून आहे ते धुरावरून, झेंड्यांवरून, पाण्यावरच्या लाटांवरून ओळखा. टेकण्याआधी मिक्श्चर ओढायचं, इंधन बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप हवे तेवढे घेऊन झाल्यावरच मास्टर स्विच बंद करायचा, कारण आजच्या १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात. घाईत मास्टर आधी बंद झाला तर फ्लॅप जागच्या जागी अडकतात आणि तुम्ही काही नॉट जास्त वेगाने येऊ शकता. दारं खिळखिळी करून ठेवायची, आघाताने चौकट वाकली तर ती उघडत नाहीत. पट्टे खांद्यासकट घट्ट, खिशातलं पेन बाहेर, सीट रुळावर नीट अडकली आहे का ते पाहायचं.

शेवटी एक आकडा, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पट्टे नीट बांधलेलं शरीर साधारण नऊ जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या नऊपट, आघात थोडा वेळ सोसतं. ताशी ८० किलोमीटर वेगाला विमान एकसारखं थांबत गेलं तर नऊ जीसाठी जेमतेम नऊ-साडेनऊ फूट पुरतात, १६० ला सुमारे सदतीस. विमानाच्या लांबीत थांबणंसुद्धा जिवंत राहण्यासारखं आहे, फक्त वेग कमी हवा आणि पंख सपाट हवेत. म्हणून विमान वाचवायचा विचार करायचा नाही. पंख झाडांत तुटू द्यायचे, चाकं बांधावर मोडू द्यायची, ते सगळं आघात शोषतं. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ वैमानिक एकटीच असताना सेस्ना १५२ कोसळलं. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर सुटली. कॉकपिट शाबूत राहिलं तर असं घडू शकतं.

समुद्रात उतरावं लागलं तर मुंबईच्या पाण्यात थंडीने जीव जात नाही, पाणी कोमट आहे. जीव जातो तो बाहेर न पडता आल्याने. १७२ चा पंख वर असतो, म्हणून पंख तरंगतो तेव्हा केबिन पाण्याखाली असते. आत न घेता येणारी चाकं पाण्यात रुततात आणि विमान उलटतं. उलट्या अंधारात दार कुठे ते कळत नाही, म्हणून टेकण्याआधीच एक हात दाराच्या मुठीवर ठेवावा आणि तो सोडू नये, पट्टा दुसऱ्या हाताने सोडावा. दार उघडत नसेल तर खिडकी उघडून पाणी आत येऊ द्यावं, दाब सारखा झाला की ते उघडतं. लाइफ जॅकेट अंगात असावं, पण ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर ते छताला दाबून धरतं आणि दारापर्यंत खाली जाताच येत नाही. वारा हलका आणि लाटा मोठ्या असतील तर लाटांच्या रांगेला समांतर उतरायचं, वारा जोरात असेल तर वाऱ्याकडे तोंड करून.

जमिनीवर उलटं झालेलं असेल तर पट्टा सोडण्याआधी एक हात छताला लावा, नाहीतर मान मोडते. बाहेर आल्यावर वारा येतो त्या बाजूला शंभर पावलं लांब. मोबाइल आत राहिला म्हणून परत जायचं नाही. आपत्कालीन बीकन आपटल्यावर आपोआप सुरू होतो, त्याचा ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या भारतीय नियंत्रण केंद्राला जातो. तरी हाताशी फोन असला तर ११२ लावा. गावकरी पळत येतात, फार मदत करतात, पण कुणाची तरी बिडी पेटलेली असते. पेट्रोल सांडलंय हे आधी ओरडून सांगा. आणि जिवाला धोका नसेल तर कॉकपिटमधलं काहीही हलवू नका. सिलेक्टर कुठे होता, मिक्श्चर किती ओढलेलं होतं, टाकीत उरलेलं इंधन निळं होतं की पांढरं, यावरूनच तपास करणाऱ्यांना कळतं की इंजिन का थांबलं.